माकिको तानाका प्रकरण: मंत्री, सचिव आणि दोन संस्थांचा प्रवेश

जानेवारी २००२च्या तिसऱ्या आठवड्यात साठेक देशांची शिष्टमंडळं टोकियोत जमली होती. काबूलमधून तालिबानला हाकलून दोन महिने झाले होते, हमीद करझाईंचं हंगामी सरकार नुकतंच बसलं होतं आणि त्या सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता. २१ आणि २२ जानेवारीच्या या परिषदेत अफगाणिस्तानच्या उभारणीसाठी साडेचार अब्ज डॉलरच्या वर मदत जाहीर झाली. कॉलिन पॉवेल आले होते, कोफी अन्नान आले होते. जपानला अशा सोहळ्याची गरजही होती. १९९१च्या आखाती युद्धात जपानने १३ अब्ज डॉलर मोजले, तरी कुवेतने जाहीर आभार मानले तेव्हा त्या यादीत जपानचं नावच नव्हतं. ती सल तिथल्या परराष्ट्र खात्यात दहा वर्षं ठसठसत होती.

एवढ्या मोठ्या कार्याला गालबोट लागलं ते दोन स्वयंसेवी संस्थांमुळे. ‘पीस विंड्स जपान’ ही प्रत्यक्ष अफगाणिस्तानात काम करणारी संस्था आणि अशा संस्थांचा मिळून बनलेला ‘जपान प्लॅटफॉर्म’ हा मंच, या दोघांना परराष्ट्र खात्याने ऐन वेळी कळवलं की तुम्हाला प्रवेश नाही. परिषदेच्या तीनच दिवस आधी, १८ जानेवारीला, पीस विंड्सचे प्रमुख केन्सुके ओनिशी यांच्याविषयी ‘असाही शिंबुन’मध्ये एक छोटा परिचय आला होता. सरकार सांगतं त्यावर आपला फारसा विश्वास नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार मुनेओ सुझुकी हे वाचून भडकले आणि त्यांच्या दबावामुळे खात्याने दार बंद केलं, असा आरोप झाला. सुझुकींनी तो साफ फेटाळला.

परराष्ट्रमंत्री माकिको तानाका यांना हे कळलं तेव्हा त्यांनी निर्णय फिरवायला लावला. दुसऱ्या दिवशी दोन्ही संस्था परिषदेत हजर होत्या. प्रकरण तिथेच मिटायला हरकत नव्हती. आठवडाभराने मात्र मंत्री गेल्या, खात्याचे सर्वोच्च अधिकारी गेले, सुझुकींना संसदेतलं पद सोडावं लागलं आणि जपानच्या सर्वांत लोकप्रिय पंतप्रधानाची लोकप्रियता एका झटक्यात घसरली.

मंत्र्याचं म्हणणं मुळात चुकीचं नसतानाही मंत्रीच कसा हरतो, हे बघायचं असेल तर हे प्रकरण उलगडून बघण्यासारखं आहे. आपल्याकडे मंत्रालयात वावरलेल्या कोणालाही यातले बरेच चेहरे ओळखीचे वाटतील.

बाई कोण होत्या

माकिको तानाका यांचा जन्म १९४४चा. वडील काकुएई तानाका १९७२ ते १९७४ जपानचे पंतप्रधान होते. निइगाता या बर्फाळ, मागास प्रांतातून आलेला, विद्यापीठाची पायरी न चढलेला, बांधकाम धंद्यातून वर आलेला हा गडी. प्रांतात रस्ते, बोगदे आणि बुलेट ट्रेन नेली. चीनशी राजनैतिक संबंध जोडले. आणि १९७६ मध्ये लॉकहीड विमान लाचखोरीत अटक झाली. अटकेनंतरही पक्षातला सर्वांत मोठा गट त्यांच्याच मुठीत होता. पंतप्रधान कोण व्हायचा ते टोकियोच्या मेजिरो भागातल्या त्यांच्या बंगल्यावर ठरायचं.

माकिकोंचं काही शालेय शिक्षण अमेरिकेत फिलाडेल्फियाला झालं, नंतर वासेदा विद्यापीठ. वडिलांच्या परदेश दौऱ्यांत आईच्या जागी यजमानीण म्हणून मुलगीच जायची. म्हणजे राजनैतिक मेजवान्या, शिष्टाचार, परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांचं अदबीने वाकणं हे सगळं तिने पंतप्रधानाची लेक म्हणून पाहिलेलं होतं.

फेब्रुवारी १९८५ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. काकुएईंचे विश्वासू नोबोरू ताकेशिता यांनी गटातल्या गटात स्वतःचा वेगळा चमू उभा केला आणि काही दिवसांतच काकुएईंना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. माकिकोंनी वडिलांना इस्पितळातून घरी आणलं, त्यांच्या राजकीय कार्यालयाला टाळं लावलं आणि गटातल्या बड्या बड्या पुढाऱ्यांना मेजिरोच्या दारातून परत पाठवलं. वडिलांना दगा देणारे हेच, हा समज त्यांच्या मनातून पुढे कधी गेला नाही. हाच गट ताकेशितांकडे गेला आणि पुढे रयुतारो हाशिमोतो यांचा झाला. मुनेओ सुझुकी याच गटाचे. २००२चं भांडण समजून घ्यायला हा धागा हातात ठेवावा लागतो.

१९९३ मध्ये, वडील गेले त्याच वर्षी, माकिको निइगातामधून अपक्ष म्हणून निवडून आल्या आणि नंतर पक्षात दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेच्या मंत्री झाल्या. वडिलांची आठ-नऊ वर्षं शुश्रूषा केल्याच्या अनुभवातून त्यांनी एक कायदाही करून घेतला. शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर वृद्धाश्रम आणि दिव्यांगांच्या शाळा अशा ठिकाणी मिळून सात दिवस सेवेचा अनुभव घ्यायचा, असा तो १९९७चा कायदा. त्यांच्याबद्दल जपानी माध्यमांत ढिगाने मजकूर आहे, पण या कायद्याचं नाव त्यात क्वचितच येतं. कारण उघड आहे: त्यात भांडण नव्हतं.

लोकांना त्या आवडायच्या त्या जिभेमुळे. १९९८च्या पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत तीन उमेदवार होते. एक सामान्य माणूस, एक लष्करी गडी आणि एक विक्षिप्त, अशी त्यांनी तिघांची वाटणी केली आणि ती देशभर गाजली. विक्षिप्त म्हणजे जुनिचिरो कोइझुमी.

विक्षिप्त पंतप्रधान होतो

एप्रिल २००१ मध्ये हाच विक्षिप्त पुन्हा उभा राहिला. समोर होते हाशिमोतो, पक्षातल्या सर्वांत मोठ्या गटाचे धनी. माकिको कोइझुमींच्या प्रचारगाडीवर चढल्या आणि जिथे त्या जात तिथे रस्ते तुंबू लागले. खासदारांच्या गणिताने हाशिमोतो जिंकायला हवे होते. प्रांतोप्रांतीच्या पक्ष सदस्यांनी कोइझुमींच्या पारड्यात इतकी मतं टाकली की खासदारांनाही वारं बघून फिरावं लागलं. निकाल २९८ विरुद्ध १५५.

२६ एप्रिलला मंत्रिमंडळ झालं. त्यात ५ महिला होत्या, जपानमध्ये हे तोवर झालं नव्हतं. माकिको तानाका पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री. सरकारची लोकप्रियता ८० टक्क्यांच्या वर गेली. सगळे जाणून होते की त्यातला मोठा वाटा बाईंचा आहे. कोइझुमी तर सर्वांत आधी.

त्या ज्या खात्यात आल्या त्याची अवस्था तेव्हा लाजिरवाणी होती. पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यांची व्यवस्था पाहणारा एक अधिकारी नुकताच अटकेत गेला होता. दौऱ्यातल्या हॉटेलांचा वाढीव खर्च पंतप्रधान कार्यालयाच्या गुप्त निधीतून रोखीने मिळायचा. निधीच गुप्त असल्यामुळे हिशेब मागायला कोणी नव्हतं. या गृहस्थाने बिलं फुगवून कोट्यवधी येन खिशात घातले आणि त्यातून शर्यतीचे घोडे घेतले. खात्याचं म्हणणं असं की हा एका माणसाचा गुन्हा. पुढे त्याच वर्षी उघड झालं की अनेक विभाग हॉटेलांकडे जादा रकमा साठवून ठेवत आणि त्यातून आपल्या मेजवान्या भागवत. शेकडो कर्मचाऱ्यांवर कारवाई करावी लागली. बाईंनी खात्याला राक्षसांचा अड्डा म्हटलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात आश्चर्य कसलं?

जपानी खात्यात मंत्री हा पाहुणा असतो. वर्ष-दीड वर्षात बदलतो. खातं चालवतो तो प्रशासकीय उपमंत्री, म्हणजे आपल्याकडच्या परराष्ट्र सचिवासारखा अधिकारी. तीस-पस्तीस वर्षं त्याच इमारतीत वाढलेला. बदल्या-बढत्या अधिकारी ठरवतात आणि मंत्री शिक्का मारतो, असा रिवाज. माकिकोंनी पहिला घाव घातला तो याच रिवाजावर. आल्या आल्या सगळ्या बदल्या गोठवल्या. रशिया विभागाचा प्रमुख लंडनच्या दूतावासात रुजू व्हायला गेला होता. तो पोचतो न पोचतो तोच त्याला परत बोलावलं.

ही बदली साधी नव्हती. रशियाच्या ताब्यात असलेल्या, पण जपान आपली म्हणतो त्या उत्तरेकडच्या चार बेटांपैकी आधी दोन पदरात पाडून घ्यावीत की चारही बेटांचा प्रश्न एकत्रच सोडवावा, यावरून खात्यात तट पडले होते. दोन बेटांच्या तटामागे होते होक्काइदोचे सुझुकी. ते मंत्री नव्हते, पण रशियाविषयी आणि परदेशी मदतीविषयी खात्यात त्यांचा शब्द चालायचा. अधिकारी त्यांच्या कार्यालयात हेलपाटे घालायचे. परत बोलावलेला अधिकारी विरुद्ध तटाचा होता. म्हणजे खात्यात पाऊल ठेवल्यावर दोन आठवड्यांच्या आत बाईंनी नेमकं सुझुकींच्या शेपटीवर पाय दिला होता.

नऊ महिने

इथून पुढे दोन गोष्टी एकदमच घडत गेल्या आणि त्या वेगळ्या काढणं अवघड आहे. खातं बाईंना पाडत होतं, आणि बाई खात्याला निमित्तं पुरवत होत्या.

मे महिन्यात अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री रिचर्ड आर्मिटेज क्षेपणास्त्र संरक्षणाविषयी बोलायला टोकियोत आले. ठरलेली भेट माकिकोंनी रद्द केली. जपानी परराष्ट्र धोरणाचा पायाच अमेरिकेशी असलेली युती. तिथे हे म्हणजे घरच्या जावयाला दारातून परत पाठवण्यासारखं. मग इतर देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांशी झालेल्या बंद दाराआडच्या गप्पा वर्तमानपत्रांत येऊ लागल्या: बाईंनी अमेरिकेच्या क्षेपणास्त्र योजनेविषयी शंका काढली म्हणे. त्या खोलीत मोजकी माणसं होती. बातमी बाहेर कशी गेली असेल, याचं उत्तर द्यायला गुप्तहेर नको. स्वतःच्या मंत्र्याचं बोलणं अधिकारी बाहेर सोडतात, तेव्हा त्या मंत्र्याशी परदेशी पाहुणा मोकळेपणाने काय बोलणार?

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर मात्र चूक निखळ बाईंची होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे लोक हलवून कुठे नेले आहेत, ते त्यांनी पत्रकारांपुढे बोलून टाकलं. हे कोणी त्यांच्या तोंडात घातलेलं नव्हतं. परिणाम असा की नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला जपानतर्फे परराष्ट्रमंत्र्यांऐवजी माजी पंतप्रधान किइची मियाझावा गेले.

ऑक्टोबरच्या अखेरीला एक प्रसंग घडला, तो या सगळ्या काळाचं चित्र डोळ्यापुढे उभं करतो. बाईंना कर्मचारी विभागाचा प्रमुख बदलायचा होता. अधिकारी आदेश काढायला तयार नव्हते. तेव्हा मंत्रीबाई स्वतः कर्मचारी विभागात गेल्या, दार लावून घेतलं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की त्याच्या बदलीचा आदेश आत्ताच्या आत्ता टाइप करा. बाहेर गोंधळ, आत टाइप करणारे हातच उठत नाहीत. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेची परराष्ट्रमंत्री, आणि तिच्याकडे एक पानाचा आदेश टाइप करून देणारा माणूस नाही!

या प्रसंगावर दुसऱ्या दिवशी हसू झालं. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. सहा महिने पदावर असलेल्या मंत्र्याच्या बाजूचा एकही अधिकारी त्या मजल्यावर नव्हता, हे तिथे उघडं पडलं. ऑगस्टमध्ये त्यांनी बड्या धेंडांना हलवलं होतं, उपमंत्री बदलून योशिजी नोगामी आले होते. माणसं बदलली, पण नवे आले तेही त्याच मुशीतले, आणि त्यांना आपलंसं करण्याचा प्रयत्न बाईंनी केला नाही. धाकट्या फळीत सुधारणा हवी असलेले अधिकारी नक्की होते. जेवायला बोलावून, विश्वासात घेऊन असे चार-सहा जण हाताशी धरणं हे काकुएई तानाकांनी डोळे मिटून केलं असतं; अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांची नावं, त्यांच्या नोकरीची वर्षं त्यांना पाठ असायची. वडिलांचं बोलणं लेकीने उचललं, हे मात्र उचललं नाही.

२४ ते २९ जानेवारी

आता मूळ प्रकरणाकडे. २४ जानेवारीला प्रतिनिधिगृहाच्या अर्थसंकल्प समितीत विरोधकांनी विचारलं: त्या दोन संस्थांना रोखण्यामागे कोणा खासदाराचा हात होता का? माकिकोंनी सांगितलं की याविषयी विचारणा केली तेव्हा उपमंत्री नोगामी यांनी सुझुकींचं नाव घेतलं होतं. नोगामींनी ते नाकारलं. सुझुकींनी तर नाकारलंच.

संसदेत मंत्री एक सांगतो आणि त्याचाच सचिव म्हणतो की असं मी बोललोच नाही. यात तिसरा मार्ग नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे. विरोधकांनी कामकाज अडवलं. पूरक अर्थसंकल्प लटकला. जपान तेव्हा मंदीत होता, पूरक अर्थसंकल्प रखडणं कोइझुमींना परवडणारं नव्हतं.

२५ तारखेला पत्रकारांपुढे बोलताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पंतप्रधानांना त्याविषयी विचारलं तेव्हा ते म्हणाले की अश्रू हे बाईचं सर्वांत मोठं हत्यार, बाई रडली की पुरुषाचं काही चालत नाही. ज्यांच्या मंत्रिमंडळात ५ महिला म्हणून कौतुक झालं होतं, त्यांचं हे उत्तर! देशभरातल्या बायका संतापल्या. बाईंना यामुळे सहानुभूती मिळाली खरी, पण मूळ प्रश्न बाजूला पडला. सुझुकींनी दबाव आणला की नाही हे विचारायचं सोडून लोक रडण्यावर वाद घालू लागले.

२८ तारखेला सरकारने आपली एकत्रित भूमिका मांडली. ती अशी, की विशिष्ट खासदाराच्या सांगण्यावरून निर्णय झाला असं दिसत नाही, मंत्री आणि उपमंत्री यांचं म्हणणं परस्परविरोधी आहे, तपास करू. म्हणजे सरकारने स्वतःच्याच परराष्ट्रमंत्र्याच्या संसदेतल्या निवेदनाला पाठिंबा दिला नाही. ती भूमिका वाचल्यावर पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

२९च्या रात्री उशिरा कोइझुमींनी बाईंना बोलावून पद सोडायला सांगितलं. नोगामींनाही काढलं. सुझुकी प्रतिनिधिगृहाच्या कामकाज समितीचे अध्यक्ष होते, ते पद त्यांनी सोडलं. सामुराई काळातला एक कायदा जपानी माणसाला शाळेपासून माहीत असतो: दोघे भांडले तर चूक कोणाची ते न पाहता दोघांनाही शिक्षा. वर्तमानपत्रांनी तोच आठवला. कोइझुमींच्या बाजूने पाहिलं तर हिशेब साफ होता. बाईंना एकट्याला काढलं असतं तर लोक पेटले असते, सुझुकींना एकट्याला दुखावलं असतं तर हाशिमोतो गट पेटला असता. तिघांना हलवलं, अर्थसंकल्प सुटला.

लोकांना हा न्याय पटला नाही. लोकप्रियता ७० टक्क्यांच्या वरून ५० टक्क्यांच्या आसपास आली, काही पाहण्यांत त्याहूनही खाली. सुधारणा अडवणाऱ्यांविरुद्ध लढणारा पुढारी ही कोइझुमींची प्रतिमा होती. फेब्रुवारीत संसदीय समितीपुढे साक्ष देताना माकिकोंनी तोच बाण उलटा सोडला आणि सुधारणा अडवणारे खुद्द कोइझुमीच आहेत असं म्हटलं. पुढे हो म्हणणाऱ्यानेच मागून आपला घागरा पायाखाली धरला होता, असंही त्यांचं एक विधान प्रसिद्ध आहे.

पेच नेमका कुठे होता

या प्रकरणाची चर्चा होते तेव्हा बहुतेक जण विचारतात, २४ तारखेला बाईंनी नाव घ्यायलाच नको होतं का? चौकशी चालू आहे, कळवू, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. मुरलेला मंत्री तेच करतो.

मला तो सल्ला पटत नाही. समितीत थेट प्रश्न आला होता आणि बाईंनी जे ऐकलं असं त्यांना ठाऊक होतं ते सांगितलं. संसदेला खरं सांगणं ही चूक ठरवायची असेल तर मग चर्चाच नको. पेच वेगळाच होता. त्या वाक्याला जगात एकच साक्षीदार होता, आणि तो म्हणजे नऊ महिने ज्या यंत्रणेशी बाईंचं हाडवैर चाललं होतं तिचा प्रमुख. बोलणं झालं तेव्हा टिपण घेणारा सहायक सोबत नव्हता, पाठोपाठ धाडलेली चिठ्ठी नव्हती, ‘मीही ऐकलं’ असं म्हणणारा कोणी नव्हता. कर्मचारी विभागात टाइप करायला माणूस मिळाला नव्हता, संसदेत साक्षीदार मिळाला नाही, दुखणं एकच.

दुसरं असं की बाईंचं बळ टीव्हीच्या पडद्यावरचं होतं आणि त्या बळाचा पंतप्रधानांना एप्रिलमध्ये जितका उपयोग होता तितका जानेवारीत नव्हता. जुलै २००१ची वरिष्ठ सभागृहाची निवडणूक त्यांनी जिंकून दिली होती. नंतर कोइझुमींना बाईंवाचून चालणार होतं. बाईंना पक्षात गट नव्हता. वडिलांचा गट तर शत्रूच्या ताब्यात होता.

बाई असण्याचा यात किती वाटा? पुरुष मंत्री असा फटकळ असता तर त्याला ‘दबंग’ म्हटलं असतं, यात मला शंका नाही. तरी सगळं त्याच्यावर ढकलता येत नाही, कारण त्याच आठवड्यात त्याच पदाभोवती आणखी दोन बाया होत्या.

एक सादाको ओगाता. १९९१ ते २००० संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त. इराकमधून पळालेल्या कुर्दांना तुर्कीने सीमेवर अडवलं, तेव्हा सीमा ओलांडली नाही म्हणून ते निर्वासित नाहीत हा कागदी युक्तिवाद बाजूला सारून त्यांना इराकच्या आतच मदत द्यायचा निर्णय घेणाऱ्या त्या याच. वाद झालेल्या अफगाण परिषदेच्या सहअध्यक्षही त्याच होत्या. कोइझुमींनी सर्वांत आधी त्यांना विचारलं आणि त्यांनी नकार दिला. बाईला काढल्याचा ओरखडा दुसरी बाई नेमून बुजवायचा बेत त्यांच्या लक्षात आला नसेल, असं मानणं कठीण आहे.

दुसऱ्या योरिको कावागुची. व्यापार खात्यात अधिकारी म्हणून घडलेल्या, मग सन्टोरी कंपनीत संचालक, मग पर्यावरणमंत्री. खासदारही नव्हत्या. १ फेब्रुवारीला त्या परराष्ट्रमंत्री झाल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ टिकल्या. कागद कुठून निघतो, कुठे अडतो, कोणाच्या टेबलावर झोपतो हे त्यांना आतून माहीत होतं. त्यांनी खात्याला शिवी दिली नाही. सुधारणेचा दहा कलमी कार्यक्रम जाहीर केला आणि बाहेरच्या माणसांची समिती बसवली. सुझुकींच्या म्हणण्याची खात्याने दखल घेतली होती, हे पुढे त्यांच्याच कारकिर्दीत मान्य करण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश इत्सुओ सोनोबे यांच्याकडे सुझुकींच्या ढवळाढवळीची चौकशी दिली गेली आणि मार्च २००२ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. उत्तरेकडच्या त्याच बेटांवरच्या मदतकामात एका खासदाराने इतकं नाक खुपसणं मुळीच सह्य नाही, असा त्याचा सूर होता. बाई नऊ महिने जे ओरडून सांगत होत्या ते कावागुचींनी सहा आठवड्यांत सहीशिक्क्यानिशी कागदावर आणलं.

आधीच्या ओरड्याशिवाय त्या अहवालाला वाट मिळाली असती का? मला वाटतं, नाही.

नंतर

सुझुकींनी मार्चमध्ये पक्ष सोडला आणि जूनमध्ये लाचखोरीच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. पुढे शिक्षाही झाली. माकिकोंचंही बरं चाललं नाही. खासदाराच्या खासगी सचिवांना सरकारी पैशातून मिळणाऱ्या पगाराचा गैरवापर केल्याचा आरोप आला, पक्षाने त्यांचं सदस्यत्व दोन वर्षांसाठी गोठवलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. खटला मात्र भरला गेला नाही. नोगामी २००४ मध्ये लंडनला राजदूत म्हणून गेले. खातं आपल्या माणसाला विसरत नाही.

निइगाताने २००३ मध्ये माकिकोंना पुन्हा निवडून दिलं. होक्काइदोने २००५ मध्ये सुझुकींना. २००९ मध्ये सत्तापालट झाला तेव्हा दोघेही नव्या सत्ताधाऱ्यांच्या बाजूला आले. सुझुकी कनिष्ठ सभागृहाच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष झाले आणि माकिको शिक्षण समितीच्या. ज्याने परराष्ट्र खात्यात लुडबुड केली म्हणून एवढं रामायण झालं, त्यालाच त्या खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीवर बसवलं, आणि कोणाला त्याचं फार काही वाटलं नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये माकिको तानाका शिक्षणमंत्री झाल्या. महिनाभरात त्यांनी ३ नव्या विद्यापीठांना परवानगी नाकारली. तज्ज्ञांच्या परिषदेने त्यांना हिरवा कंदील दाखवला होता, इमारती जवळजवळ उभ्या होत्या, प्रवेशाच्या तयारीत पोरं बसली होती. बाईंचं म्हणणं, देशात विद्यापीठं ८०० झाली, दर्जा घसरतो आहे, परवानगीची पद्धतच तपासायला हवी. कोणाशी न बोलता जाहीर केलेला हा निर्णय आठवडा उलटायच्या आत त्यांना मागे घ्यावा लागला. डिसेंबरच्या निवडणुकीत त्या निइगातामध्ये पडल्या.

जपानमध्ये अठरा वर्षांची मुलं दरवर्षी कमी होत चालली आहेत. २०२३ मध्ये निम्म्याहून अधिक खासगी विद्यापीठांना आपल्या जागा भरता आल्या नाहीत, आणि परवानग्या कशा दिल्या जातात यावर आता शिक्षण खातं स्वतःच बोलू लागलं आहे.